चार भोकं

दस्तगीर मिस्त्री चपला जिन्यात काढून गच्चीवर आला
आणि दांडक्यानं फरशी ठोकत फिरला,
ठक्, ठक्, ठक्, आणि एका जागी डब्.
"हितं पोकळ हाय, आण्णा."
मी म्हटलं, फरशी माझ्या मेव्हण्यानं बसवलीय.
तो काही बोलला नाही. पुढं ठोकत गेला.

आमचं घर जरगनगरात, वरच्या अंगाला.
महापुरातसुद्धा पंचगंगा इथवर चढली नाही,
शाहूपुरीतली माणसं आठ दिवस आमच्यात राहून गेली.
कोरड्या घराचा तेव्हा मला जरा माज होता.
त्याच आठवड्यात, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना,
मालननं वर बघितलं आणि मुकाट्यानं
आमटीचं पातेलं वीतभर सरकवलं.

पुढं डाग पापडाएवढा, मग परातीएवढा.
मग पोपडे. मग एका रात्री
गिलाव्याचा ढलपा थेट शिलाई मशिनीवर.
मापांची वही भिजली.
मालननं ती पान पान करून उन्हात वाळवली;
कदमांच्या सुनेचा दंड किती, छाती किती,
अजून नुसतं जांभळं दिसतंय.

डांबर फासून झालं.
ताडपत्री झाली, ताडपत्रीवर विटा झाल्या.
छत्रीवाल्या पोरीचं चित्र असलेला डबा झाला, पांढरा, महागातला.
आणि दर गळतीला मी एकच नाव घेत आलो : धोंडिराम.
त्यानं उतार दिला नाही. त्यानं सिमेंट मारलं.
तीन भाऊबीजा तो आमच्या दारात आला नाही.
मालन ताट फडक्यात बांधून
वडापनं कागलला जायची, संध्याकाळी परत.
मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही.

मिस्त्री शेवटी कडेला गेला, जाळीपाशी उकिडवा बसला.
बिडाची जाळी, द्राक्षवेलीची, मी ओतलेली.
उद्यमनगरात छत्तीस वर्षं मोल्डिंग केलं,
त्यातलं घरी आणलेलं काम एवढंच.
महापुराच्या आधीच्या उन्हाळ्यात हौसेनं बसवली,
ड्रिल शेजारनं मागून आणलं होतं.
दस्तगीरनं बोल्टच्या बुडात दाभण घातला.
गेला.
पार मुठीपर्यंत गेला.
"पानी हितनं शिरतंय. आतल्या आत चालतंय.
टपकतंय तिकडं, मशिनीवर.
ते काय सरळ थोडंच पडतंय, आण्णा."

कास्टिंगमध्ये केसाएवढं ब्लोहोल असलं
तरी अंगठ्याला कळायचं मला, डोळे मिटून.
किती जॉब भंगारात फेकले,
त्यापायी किती पोरांना आईवरनं शिव्या दिल्या.
आणि स्वतःच्या स्लॅबला चार भोकं पाडून
वर वॉशर लावले, ग्रीस लावलं, लांब उभा राहून बघितलं.

फरशी निघाली. शेवंता आणि तिची जाऊ
दोन दिवस पाट्या उतरवत होत्या.
विटांचे तुकडे, कोबा, थापीचा आवाज,
कोपऱ्याला गोल वाटा. भोकं बुजली.
जाळी आता भिंतीला टेकून उभी आहे;
बाहेरनं मारू म्हणतो मिस्त्री, बघू.

मग मातीचे बांध घालून गच्चीत पाणी सोडलं.
चार बोटं, तीन दिवस.
मे महिन्यात टँकर विकत घेऊन
आपल्याच डोक्यावर ओतला, म्हणून मालन हसली.
कुठनं कळलं कोण जाणे, साळुंक्या आल्या.
समोरच्यांचा पोरगा साबणाची डबी सोडून गेला.
रात्री मी खाली खुर्ची टाकून बसलो,
बॅटरीचा झोत डागावर धरून.
माझ्यावर तळं, तळ्यावर चांदणं असणार,
आणि छत ढिम्म.
डाग आहे तिथंच, पण कोरडा, हाताला खरखरीत.

तिसऱ्या दिवशी कागलला फोन लावला.
चुकलं वगैरे तोंडातून निघेना.
म्हटलं, गच्चीत पाणी भरलंय, बघायला ये.
तिकडं बराच वेळ काही नाही.
मग धोंडिराम म्हणाला, "किती बोटं?"
"चार."
"उतार कुणीकडं काढलाय?"
सांगायला लागलो, आणि मागं लक्ष गेलं,
मशिनीचा आवाज कधीचा थांबला होता.